जॉर्जिया : मर्यादित खर्चात समुद्र आणि हिमशिखरे

परदेश प्रवास करावयाचा, परंतु पश्चिम युरोपचा खर्च झेपणारा नाही आणि सिंगापूर-बँकॉक पाहून झाले आहे, अशा मध्यमवर्गीय कुटुंबांच्या चर्चेत गेल्या काही वर्षांत एक नाव वारंवार येऊ लागले आहे. ते म्हणजे जॉर्जिया. अमेरिकेतील त्याच नावाचे राज्य नव्हे, तर काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील, उत्तरेला रशिया आणि दक्षिणेला तुर्कस्तान, आर्मेनिया व अझरबैजान यांच्यामध्ये वसलेला छोटा देश. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून तो स्वतंत्र झाला. त्याचे क्षेत्रफळ ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहूनही कमी, आणि लोकसंख्या सुमारे ३९ लाख आहे. एवढ्याशा जागेत एका बाजूला नारळी-पोफळी सोडून बाकी सर्व बाबतींत कोकणाची आठवण करून देणारा दमट, हिरवा किनारा आहे, तर दुसऱ्या बाजूला पाच हजार मीटरहून उंच हिमशिखरे आहेत.

हा देश स्वस्त आहे, हे खरे आहे. परंतु त्याविषयी जी माहिती तोंडोतोंडी पसरते, तिच्यात दोन गोष्टी राहून जातात. पहिली अशी की, विमानतळावर प्रवेश नाकारला गेल्यास सर्वांत स्वस्त सहल सर्वांत महाग ठरते, आणि अशा घटना भारतीय प्रवाशांच्या बाबतीत घडलेल्या आहेत. दुसरी अशी की, डोंगराळ देशात पैसे कोठे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत, हे आधी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या दोन गोष्टींचा विचार केला आहे.

प्रवेशाचा प्रश्न आधी

भारतीय पारपत्रधारकांना जॉर्जियासाठी व्हिसा लागतो. तो ई-व्हिसा स्वरूपात जॉर्जिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळविता येतो. त्यासाठी दूतावासात जाण्याची आवश्यकता नसते. येथे पहिली सूचना अशी की, अधिकृत संकेतस्थळासारखीच दिसणारी अनेक खासगी संकेतस्थळे आहेत आणि ती मूळ शुल्काच्या कितीतरी पट रक्कम घेतात. अर्ज स्वतः भरणे कठीण नाही. पारपत्राचे पान, छायाचित्र, परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण, बँकेचे विवरण आणि विमा ही कागदपत्रे स्कॅन करून जवळ ठेवली, तर तासाभरात काम होते.

अमेरिका, ब्रिटन, शेंगेन गट, कॅनडा, जपान अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा किंवा वास्तव्य परवाना असलेल्या भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश देण्याची तरतूद आहे. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये जॉर्जिया लोकप्रिय होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. दुबई किंवा अबू धाबीहून तिबिलिसी हा सुमारे साडेतीन तासांचा प्रवास आहे. ईदच्या सुट्टीत तेथे जाणाऱ्यांमध्ये पुणे, कोल्हापूर, रत्नागिरीचे लोक सहज भेटतात. मात्र या सवलतीच्या अटी अलीकडे कडक होत गेल्या आहेत. पात्र देशांच्या यादीइतकेच, आपल्या परवान्याची उरलेली मुदत किती असणे आवश्यक आहे हेही जॉर्जियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्यापूर्वी तपासावे. मित्राने दोन वर्षांपूर्वी केलेल्या प्रवासाचा अनुभव येथे पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही.

व्हिसा हातात असणे म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. शेवटचा निर्णय सीमेवरील अधिकारी घेतो आणि नकाराचे सविस्तर कारण देण्यास तो बांधील असल्यासारखा वागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आर्मेनियातून सदाख्लो सीमेमार्गे आलेल्या भारतीय पर्यटकांच्या एका गटाने, आपणास थंडीत ताटकळत ठेवल्याची व अपमानास्पद वागणूक दिल्याची जाहीर तक्रार केली होती. असे प्रसंग रोज घडत नाहीत. बहुसंख्य पर्यटक पाच-दहा मिनिटांत बाहेर पडतात. तथापि तयारी मात्र कठीण प्रसंगाची ठेवावी. परतीचे तिकीट, प्रत्येक रात्रीच्या निवासाचे आरक्षण, विमापत्र, अलीकडचे बँक विवरण आणि नोकरीचे किंवा व्यवसायाचे प्रमाणपत्र हे सर्व कागदावर छापून हातातील पिशवीत असावे. मोबाइलमधील प्रती विमानतळावर इंटरनेट नसताना उघडत नाहीत, हा साधा मुद्दा अनेकजण विसरतात. कोणकोणत्या गावी जाणार आणि किती दिवस राहणार, याचे उत्तर कुटुंबातील प्रत्येकाला सारखेच देता आले पाहिजे. नवरा एक सांगतो आणि बायको दुसरेच, असे झाल्यास विनाकारण संशय निर्माण होतो.

विम्याबाबत एक बदल लक्षात ठेवावा. १ जानेवारी २०२६ पासून जॉर्जियात येणाऱ्या परदेशी पर्यटकांना आरोग्य व अपघात विमा सक्तीचा करण्यात आला असून, त्याचे संरक्षण किमान ३०,००० लारी इतके असणे अपेक्षित आहे. भारतीय कंपन्यांच्या सर्वसाधारण प्रवास विम्याची रक्कम याहून बरीच अधिक असते. तरीही विमापत्र इंग्रजीत असावे आणि त्यावर प्रवासाच्या तारखा स्पष्ट असाव्यात. डोंगरातील पदभ्रमण किंवा स्कीइंग करावयाचे असल्यास ते विम्यात समाविष्ट आहे किंवा नाही, हेही वाचून घ्यावे. सर्वांत स्वस्त विमापत्रांतून नेमके तेच वगळलेले असते.

विमान आणि हंगाम

एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग विमान तिकिटाचा असतो, म्हणून तारखा ठरविताना हंगाम आणि तिकीट यांचा एकत्र विचार करावा. दिल्लीहून तिबिलिसीला थेट विमानसेवा ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केल्यानंतर पश्चिमेकडील अनेक मार्ग लांबले, वेळापत्रके बदलली. त्यामुळे थेट सेवेचे दिवस आणि वेळ आरक्षणाच्या वेळी पाहूनच पुढील गणित मांडावे. मुंबई, हैदराबाद, बंगळुरू किंवा अहमदाबादहून निघणाऱ्यांना आखातातील एखाद्या शहरात विमान बदलून जाणे बहुधा सोयीचे पडते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे काढल्यास काही हजार रुपये वाचतात खरे, परंतु पहिले विमान उशिरा पोहोचल्यास दुसरे तिकीट बुडते आणि मधल्या विमानतळावर सामान घेण्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. हा धोका पत्करावा असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

हंगामाबाबत बोलावयाचे तर मे महिन्याचा उत्तरार्ध, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध हे दिवस सर्वोत्तम होत. दुर्दैवाने आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मे महिन्यांत असतात. एप्रिलमध्ये तिबिलिसी सुंदर असते, पण डोंगरांतील अनेक पायवाटा बर्फाखाली असतात आणि समुद्राचे पाणी थंडगार असते. जुलै-ऑगस्टमध्ये राजधानीत कडक ऊन असते. याच दिवसांत आसपासच्या देशांतील पर्यटकांमुळे बातुमी गजबजते आणि तेथील खोल्यांचे दर चढतात. सप्टेंबरात समुद्र अजून उबदार असतो, दर उतरलेले असतात आणि पूर्वेकडील काखेती प्रांतात द्राक्षांचा ‘र्तवेली’ नावाचा सुगीचा काळ सुरू होतो. ज्यांना मुलांच्या शाळेचे बंधन नाही, त्यांनी निःसंकोच सप्टेंबर निवडावा.

दोन टोके, एकाच सहलीत

नकाशावर देश लहान दिसतो आणि तेथेच नियोजनाची पहिली चूक होते. आठ-दहा दिवसांत राजधानी, काखेती, काझबेगी, स्वानेती, कुताइसी आणि बातुमी असा सारा देश उरकण्याचा बेत केला जातो. परिणामी निम्मा वेळ गाडीत जातो आणि वेळ वाचविण्यासाठी खासगी टॅक्सी करावी लागल्याने खर्च दुप्पट होतो. डोंगरी रस्त्यावरील शंभर किलोमीटर म्हणजे आपल्या घाटातील शंभर किलोमीटर. तेव्हा दहा दिवसांच्या सहलीसाठी राजधानी, एक डोंगरी गाव आणि समुद्रकिनारा एवढे तीन मुक्काम पुरेसे आहेत. तिबिलिसीत तीन रात्री, काझबेगीत दोन, बातुमीत तीन आणि परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा तिबिलिसीत एक, अशी नऊ रात्रींची विभागणी सोयीची पडते.

तिबिलिसी हे शहर पायी पाहण्याचे आहे. ‘त्बिली’ म्हणजे उबदार. गंधकयुक्त गरम पाण्याच्या झऱ्यांवरून शहराला हे नाव पडले आणि अबानोतुबानी या जुन्या भागात विटांच्या घुमटांखाली ती स्नानगृहे आजही चालू आहेत. खासगी खोलीचे भाडे तासावर आणि खोलीवर आकारले जाते, माणशी नव्हे. त्यामुळे चौघांनी मिळून घेतल्यास ते परवडते. वर नारिकाला किल्ला, खाली म्त्क्वारी नदी, रुस्तावेली मार्गावरील नाट्यगृहे आणि वस्तुसंग्रहालये, कोरड्या पुलावरचा जुन्या वस्तूंचा बाजार हे सर्व चालत होते. मेट्रो १९६६ पासून धावते आणि तिचे एका प्रवासाचे भाडे एक लारी आहे. त्याच कार्डावर नव्वद मिनिटांत बस बदलता येते. विमानतळावरून शहरात येणारी ३३७ क्रमांकाची बसही याच दरात मिळते. बाहेर पडताच समोर येणारे टॅक्सीचालक याच अंतरासाठी कितीही मागतात. रात्री-अपरात्री पोहोचल्यास मोबाइल ॲपवरून टॅक्सी बोलवावी. तिचा दर आधीच दिसतो आणि घासाघीस करावी लागत नाही.

२०२४ च्या अखेरीपासून रुस्तावेली मार्गावर संसद भवनासमोर सरकारविरोधी निदर्शने होत आली आहेत. पर्यटकांना त्यांचा सहसा उपद्रव होत नाही, परंतु कुतूहलापोटीसुद्धा त्या गर्दीत शिरू नये. परदेशी नागरिकाला त्याची किंमत दंड आणि हद्दपारी या रूपाने मोजावी लागू शकते.

राजधानीपासून अवघ्या वीस-बावीस किलोमीटरवर असलेले म्त्सखेता हे प्राचीन राजधानीचे गाव मिनीबसने अर्ध्या दिवसात पाहून होते. अकराव्या शतकातील स्वेतित्सखोवेली हे मुख्य चर्च आणि समोरच्या टेकडीवरील सहाव्या शतकातील ज्वारी मठ ही दोन्ही जागतिक वारसा स्थळे आहेत. ज्वारीवरून अराग्वी आणि म्त्क्वारी या दोन नद्यांचा संगम दिसतो आणि दोन्ही पाण्यांचे वेगवेगळे रंग ओळखू येतात. चर्चमध्ये स्त्रियांनी डोके झाकावे आणि पुरुषांनी अर्धी विजार घालून जाऊ नये, असा रिवाज आहे. एक ओढणी जवळ असली की काम भागते.

काझबेगीची वाट

तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकातून ‘मारश्रुत्का’ सुटतात. मारश्रुत्का म्हणजे ठरावीक मार्गावर धावणारी मिनीबस. आपल्याकडील ‘वडाप’ची सुधारलेली बहीण म्हणावी. गाडी भरली की सुटते, वेळापत्रक असलेच तर ते चालकाच्या मनात असते. काझबेगीचे, म्हणजे अधिकृत नावाने स्तेपान्त्समिंदाचे, भाडे २०२५ च्या सुमारास माणशी वीस लारींच्या आसपास होते. खासगी टॅक्सीला याच्या कितीतरी पट पडतात. हा जुना लष्करी मार्ग तिबिलिसीहून रशियातील व्लादिकावकाझपर्यंत जातो. वाटेत अनानुरीचा किल्ला आणि झिन्वालीचा जलाशय लागतो. पुढे गुदाउरीनंतर रस्ता सुमारे २,४०० मीटर उंचीच्या ज्वारी खिंडीवर चढतो. रशियाकडे जाणारे मालट्रक येथे मैलोन् मैल उभे असतात, म्हणून तीन तासांच्या प्रवासाला पाच तास धरावेत. चारचाकीने मळमळणाऱ्यांनी पुढची जागा मागून घ्यावी.

स्तेपान्त्समिंदा साधारण १,७५० मीटर उंचीवर आहे. समोरच्या टेकडीवर, २,१७० मीटरवर, चौदाव्या शतकातील गेर्गेती त्रिमूर्ती चर्च आणि त्यामागे काझबेक शिखर हे दृश्य या देशाच्या प्रत्येक जाहिरातीत दिसते. तेथवर आता पक्का रस्ता झाला आहे आणि गावातील चालक त्याचे चांगले पैसे घेतात. ज्यांचे गुडघे धड आहेत, त्यांनी चालत जावे. दीड ते दोन तासांची चढण आहे, सिंहगड चढणाऱ्याला ती जड वाटणार नाही. पहाटे शिखर मोकळे असण्याची शक्यता अधिक असते, दुपारनंतर ढग येतात. येथे दोन रात्री राहावे असे सुचविण्याचे कारण हेच. एका दिवसात जाऊन परत येणाऱ्या सहलींतील अनेक पर्यटक काझबेक न पाहताच परततात.

गावात कुटुंबांनी चालविलेली छोटी अतिथिगृहे विपुल आहेत. दोघांची खोली न्याहारीसह साधारण ८० ते १२० लारींत मिळते आणि थोडे अधिक दिल्यास रात्रीचे घरगुती जेवणही मिळते. येथे मात्र एका गंभीर गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरील गुदाउरी येथे एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावरील खोल्यांत बारा जण मृतावस्थेत आढळले. त्यांपैकी अकरा भारतीय नागरिक होते आणि ते तेथेच नोकरीस होते. वीज गेल्यानंतर बंदिस्त जागेत लावलेल्या जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे हा प्रकार घडल्याचे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. थंडीच्या दिवसांत डोंगरात राहताना खोलीत गॅसची शेगडी, लाकडाची भट्टी किंवा शेजारी जनित्र असल्यास हवा खेळती आहे याची खात्री करावी आणि घरमालकास संकोच न बाळगता विचारावे. विजेवरील किंवा मध्यवर्ती पाण्याची उष्णता देणारी खोली वीस-तीस लारींनी महाग असली तरी तीच घ्यावी. पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे.

हिवाळ्यात ज्वारी खिंड हिमप्रपातामुळे कित्येकदा बंद होते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी डोंगरात मुक्काम ठेवू नये, हा नियम बारा महिने पाळावा.

ज्यांना याहून अधिक दुर्गम प्रदेश पाहावयाचा आहे, त्यांनी बातुमी वगळून वायव्येकडील स्वानेती निवडावा. तिबिलिसीहून रेल्वेने झुगदिदी आणि तेथून मारश्रुत्काने मेस्तिया असा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. वाटेत एंगुरी नदीवरील २७१ मीटर उंचीचे धरण लागते. मेस्तिया आणि त्यापलीकडील उशगुली या गावांत घराघराला लागून मध्ययुगीन दगडी मनोरे उभे आहेत. वैर आणि आक्रमण यांपासून कुटुंबाचे रक्षण करण्यासाठी ते बांधलेले होते. अप्पर स्वानेतीचा १९९६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. उशगुली सुमारे २,१०० मीटरवर असून तेथून श्खारा हे देशातील सर्वोच्च शिखर दिसते. दहा दिवसांत स्वानेती आणि काझबेगी दोन्ही करण्याचा मोह टाळावा.

काळा समुद्र

तिबिलिसी ते बातुमी हा प्रवास दुमजली रेल्वेने पाच ते साडेपाच तासांत होतो. गाडी स्वच्छ आणि वक्तशीर आहे. उन्हाळ्यात तिकिटे काही दिवस आधीच संपतात, म्हणून ती ऑनलाइन काढून ठेवावीत. रेल्वे भरली असल्यास बस किंवा मारश्रुत्का असतेच, पण रेल्वेचा आराम त्यात नाही.

बातुमीविषयी भारतीय पर्यटकांत दोन तट दिसतात. एकाला ते छोटे दुबई वाटते, दुसऱ्याला निराशा वाटते. कारण असे की, किनाऱ्यावर वाळू नसून गोटे आहेत. गणपतीपुळे किंवा कळंगुटची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याचे पाय पोळतात. रबरी पादत्राणे जवळ असल्यास पोहण्याचा आनंद पूर्ण घेता येतो. मुलांना वाळूच हवी असल्यास उत्तरेकडे उरेकी येथे काळी, लोहयुक्त वाळू आहे. बातुमीचा खरा ठेवा म्हणजे शहराबाहेर समुद्रावरील उतारावर पसरलेले वनस्पती उद्यान. वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेई क्रास्नोव यांनी स्थापिलेले हे उद्यान १९१२ मध्ये खुले झाले. जपान, हिमालय, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको येथील झाडांचे स्वतंत्र विभाग त्यात आहेत आणि ते पाहण्यास अर्धा दिवस लागतो. संध्याकाळी किनाऱ्यावरील लांबलचक पदपथावर फिरणे आणि एकमेकांतून आरपार जाणारे ‘अली आणि निनो’ हे हलते शिल्प पाहणे यांना काहीही खर्च येत नाही. शहर पावसाचे आहे. वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या बरोबरीने पाऊस पडतो, परंतु तो चार महिन्यांत न पडता वर्षभर विखुरलेला असतो. छत्री ठेवावी.

किनाऱ्याच्या उत्तरेचा मोठा भाग अबखाझियात येतो. अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे प्रदेश जॉर्जिया सरकारच्या नियंत्रणाबाहेर आहेत. पर्यटकांनी तेथे जाण्याचा विचार करू नये. रशियाच्या बाजूने तेथे प्रवेश करणे हा जॉर्जियाच्या कायद्याने गुन्हा आहे.

जेवणाची चिंता

शाकाहारी वाचकांचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. आश्चर्य वाटेल, पण युरोपच्या या बाजूला शाकाहारी माणसाची इतकी चांगली सोय क्वचितच असेल. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. या आहाराला ‘सामार्खवो’ म्हणतात. उपाहारगृहात हा एक शब्द उच्चारला की यादीतील योग्य पदार्थ दाखविले जातात. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजविलेला राजमा. लोबियानी म्हणजे त्याच राजम्याचे पुरण भरलेली पोळी. बद्रिजानी म्हणजे अक्रोडाचे वाटण भरून गुंडाळलेले वांग्याचे काप. फ्खालीत पालेभाजी आणि अक्रोड असतो. खाचापुरी ही चीज भरलेली भाकरी प्रांताप्रांतांत बदलते. बातुमीकडील नावेच्या आकाराच्या खाचापुरीत वर कच्चे अंडे फोडून घालतात, न खाणाऱ्यांनी ते आधीच सांगावे. जॉर्जियन भाषेत भाकरीला ‘पुरी’ म्हणतात, हे ऐकून गंमत वाटते. तंदूरसारख्या ‘तोने’ भट्टीतून निघालेली लांबट, गरम शोतीस पुरी एक-दोन लारींत मिळते, आणि सोबत टोमॅटो-काकडी व अक्रोडाची कोशिंबीर घेतली की दुपारचे जेवण झाले.

खिंकाली हा पदार्थ पाहताच मराठी माणसाला उकडीच्या मोदकाची आठवण होते. कळ्या पाडलेल्या, वर शेंडी. आत बहुधा मांस व रस्सा असतो. बटाटा, चीज किंवा अळिंबी भरलेलीही मिळते. शेंडी धरून खावी आणि शेंडी पानात टाकून द्यावी, अशी तेथील रीत आहे. किती खाल्ल्या हे शेंड्या मोजून कळते.

मद्याविषयी दोन ओळी. मातीच्या मोठ्या रांजणात जमिनीखाली द्राक्षरस आंबविण्याची ‘क्वेव्री’ पद्धत येथे सुमारे आठ हजार वर्षांची परंपरा सांगते, आणि २०१३ मध्ये युनेस्कोने तिची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. काखेतीतील सिघनाघी व तेलावी या गावांत ती पाहता येते. काखेतीचे नाव गोव्याशीही जोडलेले आहे. येथील राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बास याच्या आज्ञेवरून शिराझ येथे ठार मारण्यात आले. ऑगस्टिनियन पंथीयांनी तिच्या अस्थी १६२७ मध्ये जुन्या गोव्यात आणल्या. तेथील संत ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत सापडलेल्या हाडांची हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने जनुकीय तपासणी केली, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतील काही अवशेष जॉर्जियाला भेट दिले. सामान्य जॉर्जियन माणसाला ही हकीकत ठाऊक असते. गोव्याचे नाव काढल्यास संभाषण सुरू होण्यास वेळ लागत नाही. सोव्हिएत काळात पाहिलेले हिंदी चित्रपट आठवणारे वृद्धही भेटतात.

हिशेब

दोन व्यक्ती एका खोलीत राहतील असे गृहीत धरून, २०२५ च्या सुमाराच्या दरांनी माणशी हिशेब असा पडतो. खोलीचे सरासरी १०० लारी धरले तर नऊ रात्रींचे ९००, माणशी ४५०. जेवणाला दिवसास ४५ लारी म्हणजे दहा दिवसांचे ४५०. मारश्रुत्का, रेल्वे, मेट्रो आणि क्वचित टॅक्सी मिळून १९०. स्नानगृह, रज्जुमार्ग, वस्तुसंग्रहालये आणि उद्यान यांना ११०. एकूण १,२०० लारी. २०२५ मध्ये एक लारी ३० ते ३३ रुपयांच्या दरम्यान होती. ३२ ने गुणल्यास ३८,४०० रुपये होतात. विमानाचे ४०,००० आणि व्हिसा-विम्याचे ५,००० धरल्यास माणशी ८३,४०० रुपयांत दहा दिवसांची सहल होते. तिकीट ऐन सुट्टीत काढले तर हा आकडा लाखाकडे सरकतो. खासगी गाडी आणि चालक घेतल्यास जमिनीवरील खर्च सहज दीडपट होतो. मात्र सोबत वृद्ध आईवडील असतील, तर निदान काझबेगीच्या प्रवासासाठी चौघांत मिळून गाडी करणे शहाणपणाचे.

सहल कंपनीचे पॅकेज घ्यावे की नाही, हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. पॅकेज घेताना ‘अंतर्भूत नाही’ या मथळ्याखालील यादी आधी वाचावी. गेर्गेतीची जीप, रज्जुमार्ग आणि दुपारची जेवणे तेथेच लपलेली असतात. परदेशी पॅकेजवर उगमस्थानी कर वसूल केला जातो. तो खर्च नसून आगाऊ कर असतो आणि प्राप्तिकर विवरणपत्र भरताना समायोजित करून घेता येतो, हे कंपन्या आवर्जून सांगत नाहीत. पावती व पॅन क्रमांक बरोबर नोंदला गेल्याची खात्री करावी.

मुलगा किंवा मुलगी तेथे वैद्यकीय शिक्षण घेत असल्याने भेटीस जाणारे पालकही बरेच आहेत, कारण जॉर्जियात हजारो भारतीय विद्यार्थी शिकतात. अशा पालकांनी पाल्याच्या घरी राहणार असल्यास तेथील पत्ता, घरमालकाशी झालेला करार आणि विद्यापीठाचे पत्र यांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. ‘मुलाकडे उतरणार’ एवढे तोंडी उत्तर सीमेवर पुरत नाही.

भारतीय रुपये तेथे बदलून मिळणे कठीण असते. डॉलर किंवा युरो न्यावेत. नोटा नव्या व न फाटलेल्या असाव्यात. विमानतळावर टॅक्सी-बसपुरतेच पैसे बदलावेत, शहरातील दर अधिक चांगले असतात. खेड्यांतील अतिथिगृहे आणि मारश्रुत्का रोख रक्कमच घेतात. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे आणि तिबिलिसीत भारताचे राजनैतिक कार्यालय आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावा. उरलेल्या लारी मात्र परतीपूर्वी शहरातच बदलाव्यात किंवा अक्रोड-द्राक्षरसाच्या चुर्चखेलावर खर्च कराव्यात, कारण मुंबई-पुण्यात त्या कोणी घेत नाही.